मदत हवी आहे: माउंट गॅम्बियरला नर्स म्हणून रुजू होतेय, पेशंटचं इंग्रजी उमगत नाही

मिरजेची_सिस्टर

नमस्कार मंडळी. साउथ ऑस्ट्रेलियात माउंट गॅम्बियरच्या एका रुग्णालयात मेडिकल वॉर्डात पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. ओईटी (आरोग्यसेवकांसाठीची इंग्रजीची परीक्षा) झाली आहे. औषधं, चार्ट, हॅन्डओव्हर यांची काळजी नाही. घोडं अडतंय ते म्हाताऱ्या पेशंटच्या बोलण्यात. सरावाच्या ध्वनिफितींतून निवडलेले हे पाच नमुने:

१. "फीलिंग अ बिट क्रुक." क्रुक म्हणजे लबाड ना?
२. "या, ना." हो की नाही?
३. किती पिता? "कपल ऑफ स्कूनर्स." चार्टवर आकडा काय लिहू?
४. "हॅड मी टी." इन्सुलिनच्या वेळी चहाचा काय संबंध?
५. "आय'म बस्टिंग, लव्ह."

गुगलवर याद्या ढिगाने आहेत, पण सगळ्या कांगारू आणि बार्बेक्यू छापाच्या. वॉर्डात लागतं ते सांगा. आणि समजलं नाही तर पुन्हा कसं विचारायचं, तेही.

---

ब्लू_लेक

ताई, आधी पाचवा. "बस्टिंग" म्हणजे जोराची लघवी लागली आहे. हातातलं काम टाकून जा, कारण दोन मिनिटं उशीर झाला की पेशंट एकटा उठतो आणि पडतो. "बॉटल" मागितली तर लघवीचं भांडं द्यायचं, पाण्याची बाटली नव्हे. "वॉटरवर्क्स" म्हणजे लघवीची तक्रार.

"क्रुक" म्हणजे आजारी. "क्रुक इन द गट्स" पोट बिघडलंय, "क्रुक बॅक" पाठ धरली आहे. पण "शी वेन्ट क्रुक अ‍ॅट मी" असं आलं तर ती आजारी पडलेली नाही, तिने याला झापलंय. नुसता शब्द पकडू नका, पुढे "अ‍ॅट" आहे का बघा. "स्प्यूइंग"चंही तेच: उलट्या होताहेत किंवा माणूस भयंकर चिडलाय. उलटीसाठी "चक" आणि "चंडर" हेही ऐकू येतील.

मला सर्वांत धोक्याचा वाटतो तो "फनी टर्न" किंवा नुसतं "हॅड अ टर्न". यात हसण्यासारखं काही नाही. चक्कर, शुद्ध हरपणं, क्षणभर बोबडी वळणं, झटका, यांतलं काहीही असू शकतं. किती वेळ टिकलं, पडला का, जीभ चावली का, हातापायातली ताकद गेली का, बघणारं कोण होतं, हे तिथल्या तिथे विचारून लिहा.

बाकीचे भराभर: "डिकी टिकर" कमजोर हृदय, "बंग नी" निकामी गुडघा, "ऑफ मी टकर" जेवण जात नाही, "फ्लॅट" गळून गेलेला किंवा उदास, "केम गुड" बरा झाला, "कार्क्ड इट" वारला. "मी" म्हणजे बहुतेक वेळा "माझा": "मी लेग", "मी टी".

"पफर" म्हणजे इनहेलर, "फ्लूइड टॅब्लेट" म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, "स्क्रिप्ट" म्हणजे प्रिस्क्रिप्शन. "पॅनाडॉल" म्हणजे आपली क्रोसिन, दोन्हींत पॅरासिटामॉलच. "वेबस्टर पॅक" म्हणजे औषधवाल्याने आठवड्याच्या गोळ्या वारावेळेप्रमाणे कप्प्यांत भरून दिलेला पुठ्ठा. दाखल करताना तो मागून घ्या आणि कुठले कप्पे फोडायचे राहिलेत ते बघा. तोंडी यादीपेक्षा ते जास्त बोलतं.

---

यारावाली

चौथ्याचं उत्तर. "टी" म्हणजे रात्रीचं जेवण. प्यायचा चहा तो "कपा". खेड्यातले जुने लोक दुपारच्या जेवणाला "डिनर" म्हणतात आणि झोपण्याआधीच्या चहा-बिस्किटाला "सपर". त्यामुळे "बिफोर डिनर घेतो" या उत्तरावरून जेवणाआधीच्या इन्सुलिनची वेळ ठरवू नका. घड्याळातली वेळ विचारा, आणि वॉर्डात डोस देण्याआधी ताट समोर आलंय का ते डोळ्यांनी बघा.

साखर उतरली तर पेशंट "लॉलीज" मागेल, म्हणजे गोळ्या-चॉकलेटं. "लेमोनेड" मागितलं तर लिंबू सरबत शोधत बसू नका, ते स्प्राइटसारखं पांढरं फसफसणारं पेय असतं. १५ ग्रॅम साखरेसाठी साधं लेमोनेड १५० मिली किंवा ६-७ जेली बीन्स, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. डायटचा, म्हणजे बिनसाखरेचा, कॅन दिलात तर काहीही होणार नाही, आणि घाईत नेमका तोच हाती लागतो. तुमच्या वॉर्डाचा लेखी प्रोटोकॉल असेल तो अर्थातच आधी.

---

मापात_पाप

तिसरा प्रश्न तुम्ही बरोबर जागी विचारलात. "स्कूनर" हे देशभर एकच माप नाही, आणि तुम्ही चाललाय ते गाव नेमकं सीमेवर आहे.

साउथ ऑस्ट्रेलियात स्कूनर म्हणजे २८५ मिली. व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलंडमध्ये स्कूनर ४२५ मिली. साउथ ऑस्ट्रेलियात त्या ४२५ च्या ग्लासाला "पाइंट" म्हणतात, आणि खरा ५७० चा हवा असेल तर "इम्पीरियल पाइंट" मागावा लागतो. उलट २८५ चा ग्लास मेलबर्नमध्ये आणि ब्रिस्बेनमध्ये "पॉट", सिडनीत आणि पर्थमध्ये "मिडी". व्हिक्टोरियाची हद्द माउंट गॅम्बियरपासून वीसेक किलोमीटरवर, तेव्हा एकाच खोलीत दोन खाटांवर दोन मापं भेटतील.

चार्टवर ग्लास नव्हे, "स्टँडर्ड ड्रिंक" लिहायचं. तिथे एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हिशोब सोपा: लिटर गुणिले टक्के गुणिले ०.७८९. साधी बिअर ४.८ टक्क्यांची धरली तर २८५ मिली म्हणजे १.१, ४२५ मिली म्हणजे १.६, ५७० मिली म्हणजे २.२ च्या जरा आत. ३७५ मिलीची बाटली म्हणजे "स्टबी" आणि तेवढाच कॅन म्हणजे "टिनी", दोन्ही १.४. चोवीसच्या खोक्याला "स्लॅब" म्हणतात, ते जवळजवळ ३४. "मिड" म्हणजे साडेतीन टक्क्यांची, तिची स्टबी बरोबर १. "गून" म्हणजे खोक्यातली पिशवीबंद वाइन. चार लिटरचं खोकं १२ टक्क्यांचं असेल तर सुमारे ३८.

आता "रोज सहा स्कूनर" घ्या. साउथ ऑस्ट्रेलियातला माणूस असेल तर ६.६, सीमेपलीकडचा असेल तर ९.६. दाखल झाल्यावर दारू एकदम तुटते. थरथर, घाम, भास यांवर किती बारकाईने लक्ष ठेवायचं हे याच आकड्यावर ठरतं, म्हणून इथे अंदाजपंचे चालत नाही. "कपल" हा शब्द तर आकडाच नव्हे. सरळ विचारा: कुठल्या आकाराचा ग्लास, साधी की मिड, काल किती, शेवटचा घोट किती वाजता. हाताने उंची दाखवायला सांगितली तरी कुणाला राग येत नाही, उलट गडी खुलून बोलतो.

सिगारेटलाही हाच न्याय. "डरी", "डार्ट", "स्मोक्स" सगळं एकच, "रोली" म्हणजे हाताने वळलेली. "दिवसाला एक पाकीट" ऐकून २० लिहू नका. २०२५ पर्यंत वर्षानुवर्षं पाकिटं २५, ३०, ४० चीही मिळत होती, आणि जुना माणूस अजून त्याच हिशोबाने बोलत असेल. रोज किती ओढता, हेच विचारा.

---

मिरजेची_सिस्टर

मापात_पाप, हे कुठल्याच यादीत नव्हतं. वही काढली आहे. दोन शंका: आणखी कुठल्या शब्दांत असा प्रांतभेद वॉर्डात नडतो? आणि उच्चारांचं काय? दुखणं दहापैकी किती, हे विचारलं की "आइट" असं काहीतरी ऐकू येतं.

---

शब्दवेध

"आइट" म्हणजे एट, आठ. तिथला "ए" आपल्या कानाला "आइ"कडे झुकलेला लागतो: मेट "माइट", टुडे "टुडाय". आणि "आय" झुकतो "ऑय"कडे: फाइव्ह "फॉइव्ह", नाइन "नॉइन". दुखण्याचा आकडा बोटांनी दाखवायला सांगा किंवा आकड्यांची पट्टी पुढे धरा. फिफ्टीन आणि फिफ्टी असेल तर "वन-फाइव्ह की फाइव्ह-झीरो" असं सुटं करून घ्या.

त्याहून महत्त्वाचं, "कॅन" आणि "कान्ट". शेवटचा "ट" गिळला जातो, तो ऐकायची वाट बघू नका. स्वर ऐका: आखूड "कॅन" म्हणजे जमतं, लांब "काऽन" म्हणजे जमत नाही. "आय काऽन वॉक" ऐकून पेशंटला उभं केलंत तर पंचाईत.

व्हिक्टोरियाच्या बऱ्याच लोकांच्या तोंडी "एल" आणि "अ‍ॅल" एकच होतं. सेलरी आणि सॅलरी सारखी, एलन आणि अ‍ॅलन सारखे. साउथ ऑस्ट्रेलियात शेवटचा "ल" विरघळतो, मिल्क "मिऊक" होतं. कानांवर ओळख पटवू नका. नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक, तिन्ही मनगटाच्या पट्टीशी ताडून बघा. तारीख आपल्यासारखीच, आधी दिवस.

---

यारावाली

प्रांतभेदाचे नडणारे थोडेच आहेत. "स्कॅलप" हा त्यांतला मोठा. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडवाल्यांसाठी तो बटाट्याचा पिठात तळलेला काप, आपल्या बटाटाभजीचा थोरला भाऊ. व्हिक्टोरियात त्याला "पटेटो केक" म्हणतात, साउथ ऑस्ट्रेलियात "पटेटो फ्रिटर". तिथे नुसतं स्कॅलप म्हटलं तर शिंपला. अ‍ॅलर्जीच्या रकान्यात "स्कॅलप खाऊन पुरळ" लिहिण्याआधी बटाटा की शिंपला, हे विचारा.

सँडविचमधल्या थंड मांसाच्या चकतीला साउथ ऑस्ट्रेलियात "फ्रिट्झ", व्हिक्टोरियात "स्ट्रास", सिडनीत "डेव्हन", पर्थमध्ये "पोलोनी". पोहण्याचे कपडे साउथ ऑस्ट्रेलियात आणि व्हिक्टोरियात "बेदर्स", क्वीन्सलंडवाल्याचे "टॉग्ज". यांत चुकलात तर हसू होईल, इतकंच. कपड्यांत लक्षात ठेवा: "थॉन्ग्ज" म्हणजे रबरी चपला, "जॉक्स" पुरुषांची अंतर्वस्त्रं, "डॅक्स" पँट, "डूना" पांघरायची दुलई.

आणि घड्याळ! साउथ ऑस्ट्रेलिया व्हिक्टोरियाच्या अर्धा तास मागे. व्हिक्टोरियातल्या हॅमिल्टन किंवा कॅस्टर्टनहून आलेल्या पेशंटच्या पत्रावर शेवटच्या डोसची वेळ तिकडची असते. (अवांतर: मिरजेशी फरक नेमका चार तास, ऑक्टोबर ते एप्रिल पाच. घरी फोन करायला सोपं.)

---

ब्लू_लेक

दुसरा प्रश्न राहिलाच. "या, ना" म्हणजे नाही: तुझं ऐकलं, पण नको. "ना, या" म्हणजे हो. शेवटचा शब्द खरा. तरी संमती घेताना त्यावर विसंबू नका. "सो दॅट्स अ यस टू द नीडल?" असं एका वाक्यात पक्कं करा. इंजेक्शनला तिथे "नीडल" किंवा "जॅब"च म्हणतात.

"आय'म राइट" म्हणजे मी बरोबर असं नव्हे, मला काही नको. "नॉट बॅड" म्हणजे छान, आणि "बिट ऑर्डिनरी" म्हणजे चांगलंच वाईट. गावाकडचा शेतकरी दुखणं नेहमी कमी करून सांगतो. त्याने "बिट सोअर" म्हटलं की नाडी, रक्तदाब, चेहरा बघा. "हाउ या गोइंग?" हा नमस्कार आहे, त्याच्या उत्तरावरून तब्येत लिहू नका.

पुन्हा विचारायचं तर "पार्डन" तीनदा म्हणू नका. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत द्या: "व्हेन यू से क्रुक, डू यू मीन पेन ऑर फीलिंग सिक?" दोन पर्याय ठेवले की उत्तर नेमकं येतं. नोंदीत आधी पेशंटचे शब्द अवतरणात, पुढे अर्थ, मग वेळ. "आर्वो" म्हणजे दुपार, दुपारी बारापासून दिवस मावळेपर्यंत काहीही. तिथे घड्याळाचा आकडाच हवा.

---

शब्दवेध

उलट बाजूही सांगतो, आपलं इंग्रजी त्यांना कुठे अडतं. "लूज मोशन्स" काहींना कळत नाही, "डायरिया" किंवा "रनी पू" म्हणा, हो, म्हाताऱ्यांशीसुद्धा. "एक्स्पायर्ड" म्हटलं तर दुधाची तारीख उलटली असं वाटतं, "डाइड" किंवा "पास्ड अवे" म्हणा. आणि कुठल्याही संघाला "रूट" करतेय असं म्हणू नका. तो शब्द तिथे अश्लील आहे.

आपल्याला काका-मावशी म्हणायची सवय. तिथे "अंकल" आणि "आन्टी" ही आदिवासी समाजातल्या वडीलधाऱ्यांची मानाची संबोधनं आहेत. त्यांना तसं म्हणतात ते त्यांची किंवा घरच्यांची तशी इच्छा असेल तर. बाकी कुणाला म्हटलंत तर विचित्र वाटेल. "व्हॉट वुड यू लाइक मी टू कॉल यू?" विचारा. नव्वदीच्या आजोबांनाही बहुधा पहिल्या नावानेच हाक मारावी लागेल. जड जातं, पण तीच तिथली रीत.

त्या भागातले मूळ लोक बोआंडिक. आदिवासी पेशंटच्या इंग्रजीत "डेडली" म्हणजे झकास, "मॉब" म्हणजे आपली माणसं, "शेम" म्हणजे संकोच, "सॉरी बिझनेस" म्हणजे घरातलं सुतक आणि त्याचे विधी. परक्या माणसाने लागोपाठ हो-नाहीचे प्रश्न विचारले तर नुसतं "येस" म्हणून विषय संपवायची पद्धत असू शकते. तो होकार धरू नका. खुले प्रश्न विचारा, मधल्या शांततेला वेळ द्या, आणि रुग्णालयात आदिवासी रुग्णांसाठी संपर्क अधिकारी असेल तर बोलवा.

---

मिरजेची_सिस्टर

सगळ्यांचे आभार. एकच उरलं: पेशंटने "सिस्टर" म्हटलं तर दुरुस्त करायचं का?

---

ब्लू_लेक

नाही. म्हातारे अजून तसंच म्हणतात, ओ द्या. "लव्ह", "डार्ल", "माइट" हेही मनावर घेऊ नका. फक्त पाठीवरून हात फिरवत "डार्ल" आलं तर तो बोलीभाषेचा प्रश्न नाही, तेव्हा सरळ शिफ्टच्या प्रमुखांना सांगा आणि नोंद करा.