मदत हवी आहे: पायाभूत आणि संकलित-1 या चाचण्यांच्या गुणांची तुलना कशी करायची? (पाचवी, गणित)

करवीर_पाचवी
जिल्हा परिषद शाळा, वर्गाचा पट 26. गणितात पायाभूतची सरासरी 58 टक्के, संकलित-1 ची 46. पहिल्या चाचणीला 25 मुलं हजर, दुसरीला 23. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीत ‘वर्ग घसरला’ असा शेरा मिळणार हे दिसतंयच. ही खरंच घसरण आहे का? आणि दुसऱ्या सत्रात नेमकं काय परत शिकवायचं, हे या आकड्यांवरून कसं काढायचं?

गणितपेटी
या दोन सरासऱ्या शेजारी ठेवूच नका. पायाभूत मागच्या इयत्तेवर असते, संकलित-1 चालू इयत्तेच्या पहिल्या सत्रावर. आशय वेगळा, काठिण्य वेगळं. 58 वरून 46 म्हणजे ‘पाचवीचा भाग चौथीपेक्षा जड गेला’ एवढंच, आणि तेही पेपर सारखाच अवघड होता असं धरलं तर.

तुलना प्रश्नांची करा, आणि तीही दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्या मुलांचीच. दोन्ही पेपरांत एकाच कौशल्याचे प्रश्न शोधा. हातच्याची वजाबाकी, शून्य असलेला गुणाकार असे चार-पाच तरी सापडतात. मग उत्तरपत्रिका परत काढा आणि चूक-बरोबर न बघता चुकीचं उत्तर काय लिहिलंय ते बघा. खरा माल तिथंच आहे.

उदाहरणार्थ 502 − 178. बरोबर उत्तर 324. कुणी 476 लिहिलं, तर ते मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय. वर कोण, खाली कोण याचा पत्ता नाही. 424 लिहिणारं मूल पुढं आहे: शून्यापाशी उसना घेतला, 9 पण केले, फक्त शतकाचा 5 तसाच ठेवला. पहिल्याला दशकाच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात. दुसऱ्याला शंभराची खेळातली नोट मोडून दहाच्या नऊ नोटा आणि दहा सुटे हातात द्या, एका तासिकेत उमगतं. दोघांनाही ‘चूक, शून्य गुण’ देऊन एकाच उपचारात्मक गटात बसवलं की दोघांचाही वेळ जातो.

शिरोळ_तंत्रस्नेही
सरांच्या म्हणण्याला जोडून, एक्सेलबद्दल. आडव्या ओळीत मूल, उभ्या रकान्यात प्रश्न. बरोबरला 1, चूकला 0, सोडवलाच नाही तर ‘र’, गैरहजर असेल तर घर मोकळं. गैरहजराला 0 भरला की वर्ग उगाच खाली जातो. लई ठिकाणी हेच होतं. टक्केवारीला ॲव्हरेजचं सूत्र वापरू नका, ते ‘र’ मोजतच नाही आणि निकाल फुगतो. काउंटइफने (COUNTIF) 1 मोजा, काउंटए (COUNTA) ने भागा.

शेवटच्या तीन-चार प्रश्नांत ‘र’ची रांग दिसली तर बहुधा वेळ पुरलेला नाही, तो घटक कच्चा धरू नका. शाब्दिक उदाहरणांतच ‘र’ असतील तर अडचण वाचनाची आहे का ते तपासा: तेच उदाहरण तोंडी वाचून दाखवा. प्रश्नाच्या वर तो घटक कोणत्या आठवड्यात शिकवला तेही लिहा. आमच्याकडं पुराच्या आठवड्यांत झालेला घटक असा लगेच ओळखू येतो.

करवीर_पाचवी
दोघांचे आभार. किती मुलं चुकली तर अख्ख्या वर्गाला परत शिकवायचं? आणि ब तुकडीशी तुलना?

गणितपेटी
23 मुलांत एका मुलानं चार टक्क्यांहून जास्त फरक पडतो, म्हणून दोन-तीन मुलांच्या चढउताराला अर्थ देऊ नका. निम्म्याहून जास्त चुकली तर वर्गाला, पाच-सहा असतील तर परिपाठानंतर वीस मिनिटांचा गट. हा माझा अंदाज, नियम नव्हे. ब तुकडीशी तुलनेआधी पाच-पाच उत्तरपत्रिका अदलाबदल करून तपासा. पायऱ्यांचे गुण एक जण देतो, दुसरा देत नाही.

दहा-बारा दिवसांनी दोनच गणितं द्या: 403 − 167 आणि 600 − 258. पहिल्यात 364 आलं तर जुना रोग तसाच, 336 आलं तर शतकाची नोट अजून मोडलेली नाही.