संस्थेतलं काम : कशाने बळ येतं, कशाने जीव मेटाकुटीला येतो

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सामाजिक संस्थांमध्ये कार्यक्रम सांभाळणाऱ्यांनी आपल्या कामाचा एकच कोपरा घ्यावा. तो कसा चालतो, कुठे बिघडतो आणि कशासाठी करावासा वाटतो, एवढं नेमकं लिहावं, असं ठरलं. त्यातली ही काही टिपणं.

पोषण, तुर्भे आणि दिघ्याच्या वस्त्या

सगळी मदार दंडघेर मोजायच्या पट्टीवर असते. मूल 6 ते 59 महिन्यांचं, डावा दंड. कोपर काटकोनात वाकवून खांद्याचं हाड ते कोपराचं टोक यांचा मध्य काढायचा, पेनाने खूण करायची, मग हात सैल सोडून मोजायचं. 11.5 सेंमीपेक्षा कमी म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषण, पट्टीवर लाल. 11.5 ते 12.5 च्या मधलं मॅम, मध्यम कुपोषण, पिवळं. त्यापुढे हिरवं. मध्य अंदाजाने धरला, बाही दंडावर गुंडाळलेली राहिली किंवा पट्टी आवळली की दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि तेवढ्यात मूल पिवळ्यातून लालमध्ये जातं. रडणारं मूल हात ताठ करतं. त्याला आधी आईच्या मांडीवर शांत होऊ द्यावं. एकीने मोजावं, दुसरीने आकडा मोठ्याने म्हणून लिहावा, दहातलं एक मूल पर्यवेक्षिकेने पुन्हा मोजावं. वस्तीतली जमीन उंचसखल असते, म्हणून वजनकाट्याखाली ठेवायला प्लायवूडचा तुकडा सोबत असावाच.

खरी दमछाक पाठपुराव्यात होते. बांधकामावरची आणि नाक्यावरची कुटुंबं होळीला गावी जातात, काही परत येत नाहीत. नोंदवहीत नुसता आईचा मोबाइल पुरत नाही. गाव, तालुका आणि मुकादमाचा नंबरही हवा. अहवालात ‘तपासलेली मुलं’ हा रकाना हमखास असतो, ‘लालमधून हिरव्यात आलेली’ हा बहुधा नसतो. तो आपण आखून घ्यावा. आणि पट्टी हिरव्यावर आली की आईला रंग दाखवल्याशिवाय ती काढू नये. एवढे महिने तिनेही वाट पाहिलेली असते.

सीएसआर निधी, वागळे इस्टेट

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 सांगतं, कलमात बसणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के त्यावर खर्चावेत. आर्थिक वर्ष संपतं 31 मार्चला. करार दिवाळीच्या तोंडावर झाला तर वर्षाचं काम चार-पाच महिन्यांत कोंबावं लागतं. म्हणून सही करण्याआधीच विचारावं, की कंपनीच्या संचालक मंडळाने हा ‘चालू प्रकल्प’, म्हणजे एका वर्षापलीकडे चालणारा, ठरवला आहे का? ठरवला असेल तर शिल्लक रक्कम वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात जाते आणि पुढची तीन वर्षं वापरता येते. नसेल तर सहा महिन्यांत ती त्याच कायद्याच्या अनुसूची 7 मधल्या निधीत जमा होते, कामाला मुकते.

दुसरं म्हणजे प्रशासकीय खर्चाची 5 टक्के मर्यादा. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाला लागू आहे. संस्थेच्या समन्वयकाचा पगार त्यात बसवायचा नसतो. सीएसआर नियमांतला नियम 7 समोर ठेवून हे दरवेळी शांतपणे सांगावं लागतं आणि सांगायलाच हवं, नाहीतर माणसं टिकत नाहीत.

हिशेब

शेअर रिक्षाची पावती मिळत नाही. तारीख, कुठून, कुठे, कशासाठी, भाडं, सही हा तक्ता त्याच दिवशी भरावा. महिनाअखेरीला आठवून भरलेला तक्ता लेखापरीक्षकाला लगेच कळतो, सगळ्या ओळी एकाच पेनाच्या असतात. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांवर रोख नको. 5,000 वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट.

बालसंरक्षण

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा 2012, कलम 19 : अशा गुन्ह्याची नुसती शंका आली तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. आधी विश्वस्तांची बैठक, मग तक्रार हा क्रम चालत नाही. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक केंद्राच्या दारावर मुलांच्या नजरेच्या उंचीला लावावा.

जातीचे दाखले, येऊरचे पाडे

अनुसूचित जमातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा शाळेची पायरीच चढलेले नसतात, तर दाखल-खारज रजिस्टरात नाव कुठून सापडणार? मग तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींची नक्कल मागवावी. अर्जात गाव आणि अंदाजे साल दोन्ही द्यावं. नोंद मोडी लिपीत असली तर लिप्यंतर करून घ्यावं लागतं. जुन्या नोंदीत पुष्कळदा आडनाव नसतंच आणि आधारवर नाव भलतंच छापलेलं असतं. तिथे वंशावळीचं प्रतिज्ञापत्र कामी येतं. एका दाखल्याला किती खेपा पडतील ते आधी सांगता येत नाही, म्हणून प्रस्तावात ‘तिमाहीत पन्नास दाखले’ असं लिहूच नये. दाखल अर्ज, त्रुटीत अडकलेले, मंजूर झालेले असे तीन आकडे द्यावेत. पण एका घरात दाखला निघाला की वडिलांकडच्या चुलत भावंडांची वाट पुष्कळ सोपी होते. त्या कागदांचा एक संच पाड्यावरच, कुणा जाणत्या बाईकडे ठेवावा.

वाचन, कळव्यातल्या शाळा

शाळा जूनच्या मध्याला उघडतात, पण गावाहून सगळी मुलं परतेपर्यंत जुलै उजाडतो. वाचनाची पहिली चाचणी तेव्हा, शेवटची फेब्रुवारीत. पुस्तकांच्या रकमेतला दहावा हिस्सा फाटक्या प्रती बदलायला राखावा. फाटलेलं पुस्तक साठा नोंदवहीत तूट म्हणून दिसतं, त्या धास्तीने पुस्तकं कुलपात राहतात. शिवण उसवलेलं, कोपरे मऊ पडलेलं पुस्तक कोणतं ते बघावं आणि पुढच्या खरेदीत त्याच्या तीन प्रती घ्याव्यात.