पावणेदोन वर्षांच्या मुलीसह पुणे ते सावंतवाडी

प्रश्न : गणपतीसाठी आम्ही पुण्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला गाडीने जाणार आहोत. मुलगी चाइल्ड सीटमध्ये अर्ध्या तासातच कंटाळते. हातात मोबाइल न देता तिला दिवसभर कसे रमवावे?

प्रतिसाद १ : पहाटे चारला निघा, म्हणजे साताऱ्यापर्यंत ती झोपेतच असेल. पुढे दर दीड-दोन तासांनी थांबून तिला मोकळे पळू द्यावे. रडली तरी चालत्या गाडीत मांडीवर मात्र घेऊ नये.

प्रतिसाद २ : आमच्या मुलाला विकतच्या खेळण्यांपेक्षा स्टीलचा छोटा डबा अधिक प्रिय होता, त्यात चुरमुरे भरून दिले की एकेक वेचून खाण्यात त्याचा अर्धा तास सहज जाई, अर्थात सीटच्या फटींतून ते पुढे महिनाभर निघत राहिले. शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षे देऊ नका, घशात अडकतात.

प्रतिसाद ३ : घाटाआधी पोटभर दूध पाजू नका. आम्ही आजऱ्याला ही चूक केली आणि आंबोलीच्या वळणांवर दोन झबली व माझी साडी खराब झाली. घाटात चित्रांची पुस्तकेही बाजूला ठेवून बाहेरची माकडे दाखवावीत.

प्रश्नकर्ती : मनःपूर्वक आभार. चुरमुऱ्यांचा डबा आजच काढून ठेवते.