'व्हायाडक्ट'ला मराठीत काय म्हणावं?

तळटीप:
जुन्या रेल्वे छायाचित्रांची आणि पोस्टकार्डांची मराठी सूची करायची आहे. भोर घाटातल्या एका कार्डावर 'व्हायाडक्ट' (ओळीनं कमानी असलेला लांब, उंच पूल) छापलंय, त्याच कमानींच्या दुसऱ्या कार्डावर 'ब्रिज'. दोन्हीकडे 'पूल' लिहिलं तर फरक पुसला जातो. 'दरीपूल' चालेल का?

गाळेमोज:
'दरी' म्हटलं की दोन कड्यांमधली अरुंद घळ डोळ्यापुढे येते. इंग्लंडमधल्या रिबलहेडच्या २४ कमानींखाली पसरट पाणथळ माळ आहे. तिथे काय म्हणणार? खूण दरी नाही, गाळ्यांची, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागांची, लांब रांग ही आहे. घळीवर एकच गर्डर टाकला तर तो नुसता पूल.

शब्दवेल्हाळ:
लॅटिनमध्ये 'व्हिया' म्हणजे वाट. 'अ‍ॅक्वाडक्ट' जुना, त्याच्या धर्तीवर 'व्हायाडक्ट' एकोणिसाव्या शतकात घडवला. अ‍ॅक्वाडक्टला आपण जलसेतू म्हणतोच, मग 'मार्गसेतू' म्हणा!

गाळेमोज:
वाट नेत नाही असा पूल दाखवा. शिवाय सेतू हा 'सि' म्हणजे बांधणे या धातूवरून आलेला, संस्कृतात त्याचा अर्थ बांधही होतो. व्हायाडक्ट तर बांध टाळायलाच बांधतात. माथ्यावर ८ मीटर रुंद, २० मीटर उंच भराव घाला. दोन्ही बाजूंना दर मीटर उंचीला दीड मीटर उतार धरला तर तळाला ६८ मीटर जागा जाते. एवढी माती आणायची कुठून, आणि ओढ्याचं पाणी अडलं तर भराव खचतो.

शब्दवेल्हाळ:
धातू एवढा ताणू नका. 'पूल' फारसीतून आला, आज कुणाला परका वाटतो?

खडखडाट:
मेट्रोच्या बातम्यांत 'उन्नत मार्ग' रुळलाय की.

गाळेमोज:
दगडी कमानींच्या फोटोखाली 'उन्नत मार्ग' वाचून सिमेंटच डोळ्यापुढे येईल. सरळ 'व्हायाडक्ट' लिहा.

पाठकोरे:
नाव कुठलंही ठेवा, पण छापील मजकूर वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा उतरवा, चुकीच्या स्पेलिंगसकट. आपलं वर्णन दुसऱ्या रकान्यात. पोस्टाच्या शिक्क्यावरून फोटोचं साल कधीही ठरवू नका. शिक्का कार्ड टपालात पडल्याची तारीख सांगतो, निगेटिव्ह कितीतरी जुनी असू शकते. ब्रिटनमध्ये १९०२ पासून कार्डाच्या मागे उभी रेघ ओढून पत्ता आणि मजकूर शेजारी लिहायची मुभा मिळाली, म्हणजे अशी रेघ असलेलं कार्ड त्याआधीचं नाही, एवढा आधार ब्रिटिश कार्डांपुरता घ्या. भोर घाटातला एक व्हायाडक्ट १८६७ मध्ये कोसळला, त्या जागेचं चित्र असेल तर साल लिहिण्याआधी कमानी आणि खांब नीट ताडून पाहा.

तळटीप:
छापील कार्डाला 'छायाचित्र' म्हणावं का?

पाठकोरे:
दहापट भिंगाखाली धरा. ठिपक्यांची सरळ जाळी दिसली तर हाफटोन, सुरकुतल्यासारखे बारीक दाणे दिसले तर कोलोटाइप. ही दोन्ही छपाई. जाळीही नाही आणि दाणेही नाहीत, सलग छटा आहेत, तरच छायाचित्र.

शब्दवेल्हाळ:
पण ते मुळात छायाचित्रावरूनच छापलेलं असतं ना? सामान्य वाचक 'छायाचित्र' हाच शब्द शोधणार.

पाठकोरे:
शोधू द्या. 'छायाचित्रावरून छापील' लिहिलं तरी शोधात सापडेल. हातानं रंगवलेल्या कार्डावर ते हटकून लिहाच. रंगवताना आभाळात ढग भरतात, खांबांवरच्या तारा पुसतात, कधी गाडीच वरून काढतात. आणि निगेटिव्ह उलटी छापली गेली नाही ना, तेही बघा. इंजिनावरचे आकडे सुलट वाचता येत नसतील तर डोंगरही उलट्या बाजूला आहे.