उजनी बॅकवॉटरला होळीनंतर गळाला मासा का लागत नाहीये? पाडव्याला कुठं बसावं?

पुणे_गळवाला
मंडळी, मदत हवीये. दिवाळीनंतर भिगवणच्या अलीकडं दोनदा जाऊन आलो तेव्हा चिलापी (तिलापिया मासा) पोतंभर लागली आणि एक रोहू पण मिळाला दोन किलोच्या पुढचा. आता होळीनंतरच्या रविवारी डिकसळच्या बाजूला पहाटे साडेपाचला जाऊन बसलो, अकरा वाजेपर्यंत हलायचं नाव नाही, तर हातात काय, दोन बोटांएवढ्या चार चिलाप्या, त्या सोडून दिल्या. मागच्या वेळची जागा तर आता वाळलेला गाळ आहे, पाणी कुठच्या कुठं मागं गेलंय. पाणी हिरवंगार, काठाला हिरवी साय आल्यासारखं. आमिष तेच, कणीक आणि शेंगदाणा पेंड, शिवाय गांडूळ. पाडव्याला मुलाला घेऊन जायचंय, नऊ वर्षांचा आहे, पहिल्यांदाच गळ धरणार. कुठं बसू आणि किती वाजता? का सरळ धरणाखाली नदीवर जाऊ?

भीमाकाठ
दादा आमचं घर पिढ्यानपिढ्या पाण्यावर जगलंय, जाळ्यावर, गळावर नाही, पण मासा कुठं जातो ते सांगतो. दिवाळीला धरण भरलेलं असतं तेव्हा पाणी शेतात पसरतं आणि मासा त्या उथळ पाण्यात चरायला येतो. फाल्गुन लागला की कालव्याला, नदीला पाणी सुटतं, काठ रोज मागं सरकतो आणि मोठा मासा उथळ जागा सोडून भीमेच्या जुन्या पात्राकडं उतरतो. तुम्ही बसला होता तिथं आता गुडघाभर पाणी असेल, तिथं बारीक चिलापीच राहणार.

पेपरात उजनी वजा झाली असं वाचून लोकांना वाटतं धरण संपलं. तसं नसतंय. एकूण ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफूट) आसपास, त्यातला वापरायचा साठा ५३ च्या वर, म्हणजे शून्य टक्के झाले तरी ६३ टीएमसी पाणी खाली असतंच. मासा तिथंच असतो, फक्त लांब. म्हणून जुनं पात्र जिथं काठाच्या जवळून जातं ती जागा बघा. डिकसळच्या जुन्या पुलाच्या बाजूला आमच्या माणसांना विचारा, खोली कुठं सुरू होते ते बोटानं दाखवतील. बुडालेल्या बाभळीची खोडं पण आहेत, मरळ आणि शिंगाडा हे मासे तिथं असतात, दोरी तुटायची तयारी ठेवा.

मत्स्यशास्त्र_मास्तर
वरचं अगदी बरोबर. त्यात वेळेचं सांगतो, कारण पहाटे साडेपाच ही या दिवसांतली सगळ्यात वाईट वेळ असू शकते, हे नवीन माणसाला पटत नाही. ती हिरवी साय म्हणजे शेवाळ, पुण्याकडून मुळा-मुठेतून जे सांडपाणी येतं त्याच्यावर ते पोसतं. दिवसा शेवाळ पाण्यात ऑक्सिजन सोडतं, रात्री तोच ऑक्सिजन वापरतं, म्हणजे उजाडताना पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी. शिवाय पाणी तापलं की त्यात मुळातच कमी ऑक्सिजन मावतो. अशा वेळी मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो पण खात नाही. ऊन चढून पाण्यात जीव आला की, म्हणजे साडेआठनंतर, खायला लागतो.

दुसरं, चिलापीला ऊबदार पाणी लागलं की वीण सुरू होते. उथळ पाण्यात तळाला ताटाएवढे गोल खळगे दिसतात ती नराची घरटी. मादी अंडी तोंडात धरून फिरते आणि तेवढे दिवस ती जवळजवळ खातच नाही, मग कणकेला तोंड कसं लावेल?

कटल्यासाठी मात्र वारा बघा. दुपारचा वारा ज्या काठाला आपटतो तिथं बारीक जीव गोळा होतात आणि कटला त्यामागं येतो. तो वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला, तेव्हा बोया, म्हणजे दोरीवरचा तरंगता खुणेचा तुकडा, त्याप्रमाणं बांधा.

सोलापूर_नदीकाठ
नदीचं मी सांगते, माझं माहेर भीमेच्या काठाला आहे. धरणाखाली मासा आहे पण तो बंधाऱ्यांच्या डोहात. पंढरपूर-सोलापूरसाठी पाणी सोडलं की पात्र अचानक फुगतं, सकाळी कोरडा असलेला खडक दुपारी पाण्याखाली. माझ्या भावाची सगळी सामानाची पिशवी अशी वाहून गेलीय, तो स्वतः कसाबसा बाहेर आला. लहान मुलाला घेऊन पाणी सुटायच्या दिवसांत नदीपात्रात उतरू नका. जायचंच असेल तर आधी गावात चौकशी करा आणि उंच काठावरूनच टाका. नवं पाणी येऊन एक-दोन दिवसांत निवळलं की वाम (सापासारखा लांब मासा) आणि शिंगाडा गांडुळाला छान लागतात, तेही संध्याकाळी.

भीमाकाठ
ताईंचं बरोबर आहे. लेकराला घेऊन येताय तर तलावावरच बसा. आणि एक हात जोडून सांगतो, काठाला गवतात लाल पिल्लांचा घोळका पाण्यावर वरखाली होताना दिसला तर तिथं गळ टाकू नका. मरळीचे आईबाप दोघं खाली राखणीला असतात, चिडून लगेच पकडले जातात आणि मग ती शेकडो पिल्लं चिलापीच्या पोटात जातात. बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्यांनी आधीच पिल्लं खरवडून नेलीत, आमच्या डोळ्यादेखत मरळ कमी झाली.

होडीत बसवतो म्हणाला कुणी तर लाइफ जॅकेटशिवाय बसू नका. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जीव गेले. वळवाचा वारा विचारून येत नाही.

पुणे_गळवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. नदी रद्द, होडी पण रद्द. नऊच्या सुमाराला पोचतो आणि चारपर्यंत आवरतो. परवान्याचं कुणाला विचारायचं? आणि मागच्या वेळी घरच्यांनी चिलापीला मातीचा वास येतो म्हणून खाल्ली नाही.

भीमाकाठ
तिथल्या मच्छीमार सोसायटीला आधी विचारा, विचारणाऱ्याला कुणी हाकलत नाही. वास शेवाळाच्या पाण्यामुळं येतो, मीठ-हळद लावून चिंचेच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं, कातडी काढली तर अजून बरं. आणि पाडव्याला एक लांब काठी आणा. गाळ वरून भेगाळलेला दिसतो पण खाली ओला असतो, मोठा माणूस मांडीपर्यंत जातो. काठी रुतली तिथून मागं फिरायचं, लेकराला तर पुढं सोडायचंच नाही.