मदत हवी आहे: चौकातला वड आणि स्वातंत्र्याचा स्तंभ

मंडळी, आमच्या तालुक्याच्या गावी चौकात १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा दगडी स्तंभ आहे, एका बाजूला संविधानाची उद्देशिका आणि दुसऱ्या बाजूला तालुक्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावं, खालच्या चार ओळी तर चुन्याने पार बुजल्यात. शेजारचा वड त्याच दिवशी लावलेला, बाहत्तरच्या दुष्काळात लोकांनी घरातली कळशी रिकामी करून जगवला असं आजी सांगायची. आता रस्ता रुंदीकरणात दोन्ही हलवणार म्हणे, परवाच बुंध्यावर लाल रंगाने नंबर टाकून गेले.

झाडं जपण्याच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्यात शहरी भागातलं पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात, तोडलंच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, इतपत वाचलंय (वडाच्या बदल्यात गुलमोहराची रोपं म्हणजे थट्टाच, पण असो). अडतंय ते वयाच्या पुराव्यावर. स्तंभावरचं साल आणि एक जुना फोटो चालेल का, की घेर मोजून पंचनामा लागतो? आणि हरकत नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे द्यायची तर स्तंभासाठी वेगळा अर्ज करावा लागेल का? कोणी केलं असेल तर अर्जाचा नमुना टाका प्लीज.