सल्ला हवा: डिलनचा 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' नेमका कुठला घ्यावा?

पावशेर
बॉब डिलनचा 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' (कोलंबिया, जानेवारी १९७५) स्ट्रीमिंगवर ऐकून झालाय, आता विकत घ्यायचाय. जुनी एलपी, २००३ची एसएसीडी (सीडीसारखी, पण जास्त बारकावे साठवणारी डिस्क), मोबाइल फिडेलिटी या कंपनीची एसएसीडी, २०१८चा सहा सीडींचा संच आणि 'न्यूयॉर्क टेस्ट प्रेसिंग' नावाची एलपी, एवढं समोर आहे. टर्नटेबल साधं, सीडी प्लेअर चांगला. गिटारवर गाणीही बसवायचीत. बजेट फार तर दोन गोष्टींचं. सुरुवात कुठून करू?

खडूस_काका
पैसे काढण्याआधी एवढं लक्षात घ्या की या एका नावामागे दोन अल्बम आहेत.

पहिला न्यूयॉर्कचा. सप्टेंबर १९७४, ए अँड आर स्टुडिओ, ध्वनिमुद्रणाला फिल रमोन. पहिल्या दिवशी एरिक वाइसबर्गचा 'डिलिव्हरन्स' बँड होता, नंतर बहुतेक गाण्यांत डिलनसोबत फक्त बासवाला टोनी ब्राउन उरला. टेस्ट प्रेसिंग (चाचणीसाठी काढलेल्या मोजक्या एलपी) निघाली, जॅकेटं (एलपीची वेष्टणं) छापली गेली. मग डिसेंबरात भाऊ डेव्हिड झिमरमनने मिनियापोलिसच्या 'साउंड ८०'मध्ये स्थानिक वादक जमवले आणि २७ व ३० डिसेंबरला पाच गाणी नव्याने झाली: 'टँगल्ड अप इन ब्लू', 'यू आर अ बिग गर्ल नाऊ', 'इडियट विंड', 'लिली, रोझमेरी अँड द जॅक ऑफ हार्ट्स' आणि 'इफ यू सी हर, से हॅलो'. उरलेली पाच न्यूयॉर्कचीच. हा दुसरा अल्बम, म्हणजे दुकानात आलेला. जॅकेटं आधीच छापलेली, त्यामुळे मिनियापोलिसच्या वादकांची नावं गाळली गेली. रीतसर श्रेय २०१८च्या संचात मिळालं. एवढी वर्षं लागायला नको होती, पण असो.

तुम्हाला सल्ला: पहिली खरेदी साधी, दहा गाण्यांची सीडी. २००३ची डिस्क हायब्रिड आहे, म्हणजे कुठल्याही सीडी प्लेअरवर चालते. तिच्यातलं ५.१ मिश्रण ऐकायला मात्र एसएसीडी प्लेअर आणि सराउंड यंत्रणा लागते, ती नसेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. २००४ची नुसती सीडी स्वस्तात मिळाली तर तीही चालेल. मोबाइल फिडेलिटीची २०१२ची डिस्क फक्त स्टीरिओ आहे.

तबकडी
जुन्या एलपीबद्दल. अमेरिकन प्रतीवर पीसी ३३२३५ हा क्रमांक असतो, ब्रिटिश सीबीएसवर ६९०९७. विक्रेते 'मागे लेखक पीट हॅमिलचा मजकूर आहे, म्हणजे पहिली आवृत्ती' म्हणून भाव चढवतात. ते खरं धरू नका. पहिल्या जॅकेटांवर तो मजकूर होता, मग तो काढून डेव्हिड ओपनहाइमचं चित्र छापलं, आणि मजकुराला ग्रॅमी मिळाल्यावर तो परत आला. म्हणजे चित्राची प्रत नक्की नंतरची, पण मजकुराची प्रत पहिलीच असेल असं नाही. बारकोड असेल तर ती १९७५ची नाही. शिवाय जॅकेट एका प्रतीचं आणि तबकडी दुसरीची, असंही सर्रास होतं, म्हणून गाणी संपल्यावरच्या गुळगुळीत भागात कोरलेले आकडे आणि अक्षरं यांचा फोटो मागा.

साध्या टर्नटेबलवर हा अल्बम जड जातो. एकूण जवळपास ५२ मिनिटं, म्हणजे एकेका बाजूला २५-२६. वीसेक मिनिटांच्या पुढे खाचा दाट आणि उथळ कापाव्या लागतात, त्यामुळे आवाजाची पातळी खाली येते आणि खरखर जास्त जाणवते. तबकडीच्या मध्याकडे जाऊ तशी आवाजातली विकृती वाढते, आणि अगदी आत आहे 'बकेट्स ऑफ रेन', एकटी गिटार आणि बास. तिथे 'स' फुटला की लगेच कळतं. कार्ट्रिजची (सुई धरणारा भाग) जुळणी प्रोट्रॅक्टरने (कोन तपासायची पट्टी) तपासा. गोल टोकाची सुई असेल तर लंबवर्तुळाकार घ्या, बराच फरक पडतो.

उपसंपादक
२०१८च्या संचाबद्दल ('मोअर ब्लड, मोअर ट्रॅक्स', डिलनच्या जुन्या अप्रकाशित मुद्रणांच्या 'बूटलेग सीरिज' मालिकेतला १४वा). सहा सीडी, ८७ ट्रॅक, न्यूयॉर्कची सत्रं क्रमाने. अभ्यासाला उत्तम, पण तेच गाणं लागोपाठ चार-पाचदा ऐकायची तयारी हवी. एकाच सीडीची आवृत्तीही आहे, ११ गाण्यांची, आणि लोक ती टेस्ट प्रेसिंग समजून घेतात. ती नाही, त्यातले टेक (एकाच गाण्याची वेगवेगळी मुद्रणं) वेगळे निवडले आहेत. टेस्ट प्रेसिंग जशीच्या तशी हवी तर रेकॉर्ड स्टोअर डे (रेकॉर्ड दुकानांचा वार्षिक दिवस), २०१९ची एलपी. ती मर्यादित होती, आता चढ्या भावानेच मिळेल. थोडी चव हवी असेल तर 'बायोग्राफ' या डिलनच्या संचात (१९८५) न्यूयॉर्कचं 'यू आर अ बिग गर्ल नाऊ' आणि वगळलेलं 'अप टू मी' आहे.

न्यूयॉर्कच्या टेकमध्ये मध्येच टकटक, घासल्यासारखा आवाज येतो. ती गिटारवर आपटणारी डिलनच्या बाहीची बटणं. डिस्क परत पाठवू नका.

पावशेर
@खडूस_काका, सीडी ठरली. गिटारसाठी ट्यूनिंग कुठलं? 'सिंपल ट्विस्ट ऑफ फेट' रेकॉर्डसोबत वाजवलं की गिटार थोडी खालीच वाटते. ट्यूनर तर बरोबर दाखवतोय.

सहावी_तार
ट्यूनर बरोबरच आहे. न्यूयॉर्कच्या बऱ्याच मास्टर टेप डिलनच्या सांगण्यावरून २ ते ३ टक्के वेगाने चालवल्या होत्या. तेवढ्याने स्वर साधारण ३५ ते ५० सेंट चढतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या निम्म्यापर्यंत. तारा ओढत बसण्यापेक्षा फाइल ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन वेग सुमारे २.४ टक्के कमी करा. 'टेम्पो' नव्हे, 'स्पीड' बदला, म्हणजे स्वरही खाली येतो. कानाने थोडं मागे-पुढे करावं लागेल. २०१८च्या संचात ही गाणी मूळ वेगात आणि वरून चढवलेल्या प्रतिध्वनीशिवाय आहेत, सरावाला तीच सोयीची.

न्यूयॉर्कच्या गाण्यांचं ट्यूनिंग ओपन ई (नुसत्या तारा छेडल्या की ई कॉर्ड वाजते). पण थेट ओपन ईसाठी पाचवी, चौथी आणि तिसरी तार चढवावी लागते. ताण वाढतो, जुनी तिसरी तार तुटते. त्यापेक्षा ओपन डी लावा: सहावी ई वरून डी, तिसरी जी वरून एफ शार्प, दुसरी बी वरून ए, पहिली ई वरून डी, पाचवी आणि चौथी तशीच. मग दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा). कॅपो लावल्यावर एकदा पुन्हा स्वर तपासा, जाड तार दाबाने थोडी चढते.

मिनियापोलिसची गाणी यात बसवू नका. 'टँगल्ड अप इन ब्लू' तिथे वादक केव्हिन ओडेगार्डच्या सूचनेवरून जी पट्टीतून ए पट्टीत नेलं. साधं ट्यूनिंग, दुसऱ्या पडद्यावर कॅपो आणि जी पट्टीच्या कॉर्डचे आकार.

पावशेर
ओपन डी लावून पाहतो. एलपी तूर्तास बाद.

तबकडी
सुई बदललीत की सांगा, बोलू पुन्हा.